छतातील उष्णतारोधन व घरगुती वीजतारांची जाडी

घरातील वीजतारेची जाडी तिच्यातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहावरून ठरवली जाते. मात्र तारेत निर्माण होणारी उष्णता भोवताली किती सहज निघून जाते, हाही निवडीचा तितकाच महत्त्वाचा निकष आहे. थर्माकोल, काचलोकर यांसारखे उष्णतारोधक पदार्थ खोलीत येणारी उष्णता अडवतात, तशीच तारेतून बाहेर पडणारी उष्णताही अडवतात. त्यामुळे उघड्या भिंतीवर पुरेशी ठरणारी तार अशा पदार्थात पूर्णपणे झाकली गेल्यास साधारण निम्म्याच प्रवाहासाठी सुरक्षित राहते. पत्र्याच्या छताखाली थर्माकोल किंवा पीव्हीसीचे आच्छादन असलेल्या घरांत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी

मराठवाड्यातील जुन्या घरांवर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेले माळवद असे. हा थर स्वतःच उष्णतारोधक असल्याने उन्हाळ्यात घर थंड राही. अशा घरांत वीज आली तेव्हा तारा बहुधा भिंतीवरील लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवल्या जात. त्या खोलीच्या हवेत उघड्या राहत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत दगडमातीच्या भिंती व जड माळवदे कोसळून मोठी जीवितहानी झाली. त्यानंतर हलक्या छतांकडे व सिमेंट काँक्रीटच्या घरांकडे कल वाढला.

हलका पत्रा भूकंपात कमी धोक्याचा असला, तरी उन्हाने लवकर तापतो. तेरणा साखर कारखान्यामुळे परिचित असलेल्या ढोकीसारख्या धाराशिव जिल्ह्यातील गावांत उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. पत्रा व खालचे आच्छादन यांमधील बंदिस्त पोकळीतील हवा बाहेरच्या हवेपेक्षाही अधिक तापते. खोली थंड राहावी म्हणून लावलेल्या आच्छादनामुळे तारा मात्र घरातील सर्वांत उष्ण जागी जातात. नेमक्या त्याच ऋतूत कूलर व वातानुकूलन यंत्रांचा भारही सर्वाधिक असतो.

तार तापण्याची कारणे

तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाल्यास उष्णता चौपट होते. जाड तारेचा रोध कमी असल्याने तेवढ्याच प्रवाहाला ती कमी तापते. साध्या पीव्हीसी आवरणाच्या तारेतील वाहकाचे तापमान सतत वापरात ७० अंशांपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा आहे. भोवतालची हवाच ५५ अंश असेल, तर तापमानवाढीला केवळ १५ अंशांचा वाव उरतो. मर्यादा वारंवार ओलांडली गेल्यास आवरण कडक होते, त्याला तडे जातात आणि कालांतराने शॉर्टसर्किट किंवा आग लागण्याचा धोका निर्माण होतो.

सुधार गुणांक

प्रमाण तक्त्यांतील वहनक्षमता ठरावीक परिस्थितीसाठी दिलेली असते. प्रत्यक्ष परिस्थिती वेगळी असल्यास तिला सुधार गुणांकांनी गुणावे लागते. ब्रिटिश प्रमाण बीएस ७६७१ मध्ये ३० अंश संदर्भ-तापमान धरून पीव्हीसी तारांसाठी ४० अंशांना ०.८७, ५० अंशांना ०.७१ व ५५ अंशांना ०.६१ असे गुणांक आहेत. एकच तार अर्ध्या मीटरहून अधिक लांबीपर्यंत उष्णतारोधकात पूर्ण झाकलेली असल्यास, अधिक नेमकी माहिती नसेल तर पृष्ठभागावर बसवलेल्या तारेच्या वहनक्षमतेचा निम्मा आकडा धरावा, असाही त्यात नियम आहे. दोन मंडलांच्या तारा एकत्र बांधल्यास ०.८० हा आणखी एक गुणांक लागतो. काही तक्त्यांचे संदर्भ-तापमान ४० अंश असते. त्यामुळे ते पाहूनच गुणांक निवडावा लागतो.

भारतात पीव्हीसी तारांसाठी आयएस ६९४ आणि घरगुती वायरिंगसाठी आयएस ७३२ ही प्रमाणे आहेत.

उदाहरण

पत्र्याखालच्या पोकळीतील तापमान ५५ अंश मानून, उष्णतारोधकात पूर्ण झाकलेल्या पीव्हीसी आवरणाच्या तांब्याच्या केबलची वहनक्षमता पुढीलप्रमाणे कमी होते. पहिला आकडा ३० अंशांना भिंतीवर उघड्या केबलचा, दुसरा झाकलेल्या केबलचा आणि तिसरा ५५ अंशांना झाकलेल्या केबलचा आहे.

१.५ चौरस मिलिमीटर: १९.५, ९.८ व ५.९ अँपिअर
२.५ चौरस मिलिमीटर: २७, १३.५ व ८.२ अँपिअर
४ चौरस मिलिमीटर: ३६, १८ व ११ अँपिअर
६ चौरस मिलिमीटर: ४६, २३ व १४ अँपिअर

२३० व्होल्टवर २,००० वॅटचे उपकरण सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेते. त्यासाठी बोलीभाषेत ‘अडीच एमएम’ म्हणतात ती तार सामान्यतः भरपूर मानली जाते. वरील परिस्थितीत मात्र ती अपुरी ठरते.

एमसीबीची मर्यादा

तार तापली तर एमसीबी पडेलच, हा समज चुकीचा आहे. एमसीबी प्रवाह ओळखते. छतातील तारेचे तापमान तिला कळत नाही. वरील उदाहरणातील अडीच एमएमच्या तारेवर १६ अँपिअरची एमसीबी असल्यास १२ अँपिअर प्रवाह वाहत असताना तार मर्यादेबाहेर तापेल, पण एमसीबी चालूच राहील. म्हणून भाराचा प्रवाह एमसीबीच्या अंकित प्रवाहापेक्षा अधिक नसावा आणि एमसीबीचा अंकित प्रवाह तारेच्या सुधारित वहनक्षमतेपेक्षा अधिक नसावा, असा नियम पाळला जातो. ८.७ अँपिअरच्या भारासाठी १० अँपिअरची एमसीबी व ४ चौरस मिलिमीटरची तार हा मेळ या नियमात बसतो. त्याच जागी १६ अँपिअरच्या एमसीबीला ६ चौरस मिलिमीटरची तारही पुरत नाही.

थर्माकोल व पीव्हीसी

थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. पीव्हीसी मऊ ठेवण्यासाठी त्यात मिसळलेली द्रव्ये दीर्घ संपर्काने पॉलिस्टायरीनमध्ये झिरपतात. त्यामुळे तारेचे आवरण कडक व ठिसूळ होते आणि थर्माकोलही संपर्काच्या जागी विरघळल्यासारखा होतो. उष्णतेने ही क्रिया वेगवान होते. तार पुरेशी जाड असली तरी हा दोष टळत नाही. त्यासाठी दोहोंमध्ये अंतर किंवा नळी असावी लागते.

उपाय

जाड तार वापरण्याआधी तारेचा मार्ग बदलणे हा अधिक परिणामकारक उपाय आहे. वातानुकूलन यंत्र, गिझर, इस्त्री अशा जड भारांच्या तारा छताऐवजी भिंतीवरून नेल्यास उष्णतारोधनाचा गुणांक लावावा लागत नाही. छतातूनच न्यावयाच्या तारा उष्णतारोधकाच्या वर, पत्र्याला न चिकटवता आधार देऊन न्याव्यात. पोकळीला वायुवीजन दिल्यास व पत्र्यावर पांढरा रंग दिल्यास मूळ तापमानच कमी होते. ९० अंश मर्यादेच्या एक्सएलपीई आवरणाच्या तारा हाही पर्याय आहे. मात्र त्यांना जोडलेले स्विच व सॉकेट ते तापमान सोसणारे नसल्यास वाढीव मर्यादेचा पूर्ण लाभ घेता येत नाही. तारांचे सांधे आच्छादनाआड उघडे न ठेवता, तपासता येईल अशा जोडपेटीत घ्यावेत.

जुन्या घरात नव्याने आच्छादन बसवताना तारा तशाच राहतात, पण त्यांची परिस्थिती बदलते. त्यामुळे आच्छादनापूर्वी परवानाधारक तंत्रज्ञाकडून तारांची जाडी, मार्ग व एमसीबीचा मेळ तपासून घेणे आवश्यक असते.