रिकाम्या बंदुकीची तालीम

दिवाळी जवळ आली की कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांतून टिकल्यांची पिस्तुले वाजू लागतात. पोरगा पिस्तूल हातात घेतो आणि पहिला नेम धरतो तो थेट धाकट्या भावाच्या कपाळावर. घरचे कौतुकाने बघतात. याच कोल्हापुरात नेमबाजी शिकायला जाणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी नेमके उलटे सांगितले जाते. बंदूक रिकामी असो, निकामी असो की नुसती लाकडाची असो, तिची नळी माणसाकडे वळता कामा नये.

या शहराला नेमबाजी परकी नाही. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. राही सरनोबतने 2013 मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत त्याच प्रकारात पुन्हा सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक घेतले. अंतिम फेरीत त्याचे गुण होते 451.4. मिरवणुका निघाल्या, फलक लागले. या पदकांमागच्या मेहनतीचा मोठा भाग मात्र गोळीविना होतो, हे फारसे कुणी सांगत नाही.

नेमबाज त्याला ‘ड्राय’ म्हणतात. रिकामी रायफल घेऊन उभे राहायचे, नेम धरायचा, श्वास सोडता सोडता थांबायचे, ट्रिगर दाबायचा. आवाज येतो तो फक्त ‘टक्’ असा. गोळी सुटत नाही, धक्का बसत नाही आणि म्हणूनच चूक लपत नाही. खऱ्या फायरमध्ये ट्रिगर दाबताना मनगट जरासे हलले तर ती हालचाल आवाजात आणि धक्क्यात बुडून जाते. ड्रायमध्ये त्या ‘टक्’ला नळीच्या टोकाची फोरसाइट किंचित ढळलेली स्वतःच्या डोळ्यांना दिसते. पुष्कळदा तर समोर टारगेटही नसते, नुसती कोरी भिंत असते. दहा गुणांचा मोह नसला की लक्ष हातावर राहते. माझ्या मते सगळ्यात कठीण सराव हाच, कारण त्यात गुणही नाहीत आणि टाळ्याही नाहीत.

एवढा अट्टहास कशासाठी, ते आकडे सांगतात. 10 मीटर एअर रायफलच्या टारगेटवर दहाचा ठिपका असतो अर्धा मिलिमीटर, आणि त्यावर जाणारा छर्रा 4.5 मिलिमीटरचा. 50 मीटरवर दहाचे वर्तुळ 10.4 मिलिमीटर. 25 मीटर पिस्तुलाच्या रॅपिड फेरीत हात 45 अंशांत खाली धरायचा, टारगेट समोर आले की तीन सेकंदांत हात उचलून एकच गोळी झाडायची, मग सात सेकंद थांबायचे. तो हात उचलण्याचा मार्ग अंगात मुरायला हजारो वेळा उचलावा लागतो, आणि त्या प्रत्येक वेळेला काडतूस जाळणे कुणाला परवडणार? एअर रायफलमध्ये तर हवा न सुटता ट्रिगर चालावा अशी सोय बनवणारेच करून देतात. .22 च्या रिमफायरमध्ये मात्र जपावे लागते. रिकाम्या चेंबरवर पिन आदळून कड खराब होऊ शकते, म्हणून आत वापरलेली पुंगळी किंवा डमी काडतूस घालतात. आता नळीला लावायचे स्कॅटसारखे सेन्सरही आले आहेत. नेम कुठून कसा फिरत आला, याची रेघ ते संगणकाच्या पडद्यावर काढून दाखवतात.

खोट्या हत्यारावर खरा हात बसवायचा, ही रीत कोल्हापूरला मर्दानी खेळांतून ठाऊक आहेच. तलवारीच्या आधी फरी-गदका येतो: चामडे चढवलेली काठी आणि छोटी ढाल. भाल्याच्या आधी बोथाटी येते, तिच्या टोकाला पात्याऐवजी चिंध्यांचा गोळा. गोळा रंगात बुडवला की वार कुठे लागला ते अंगावर दिसते. आज परदेशातले पोलिस सरावात रंगाची गोळी झाडणारी पिस्तुले वापरतात, त्यामागचा विचार तोच. वस्ताद गदक्यालाही हात लावण्याआधी नमस्कार करायला लावतात. तो नमस्कार मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे काठी हातात असली तरी मन तलवारीचेच राहते.

एनसीसीच्या मुलांच्या हाती कवायतीला येते ती डीपी रायफल, म्हणजे मुद्दाम निकामी केलेली. ती फुटणारच नाही हे सगळ्यांना माहीत असते, तरीही ‘जाँच शस्त्र’ची आज्ञा होते, बोल्ट मागे ओढला जातो, चेंबर दाखवले जाते. पुढे .22 घेऊन फायरिंगला गेल्यावर तोच हात आपोआप तीच तपासणी करतो. काही देशांतले पोलिस सरावासाठी भरीव प्लास्टिकची निळी पिस्तुले वापरतात. आकार खऱ्यासारखा, रंग मात्र लांबूनही ओळखू यावा असा.

हा रंग क्षुल्लक नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात तामिर राइस हा 12 वर्षांचा मुलगा बागेत खोटे पिस्तूल घेऊन खेळत होता. पोलिसांनी ते खरे समजून त्याला गोळी घातली, त्यात तो गेला. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यानेही दिसण्यालाच महत्त्व दिले आहे. गोळी सुटो वा न सुटो, बंदुकीसारखी दिसणारी वस्तू ही नकली बंदूक. परवान्याशिवाय तिची खरी बंदूक करणे हा गुन्हा, आणि अटक टाळण्यासाठी ती रोखली तरी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 जूलपर्यंत जोर असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पण परवाना नाही म्हणजे ते खेळणे आहे, असा समज पालकांनी करून घेऊ नये. तेवढा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो.

राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये कुणी मुलगी स्पर्धेची तयारी करत असेल, तर घरच्यांनी तिच्यासाठी काही गोष्टी कराव्यात. ड्रायच्या खोलीत छर्रा किंवा काडतूस एकही नसावे, ते दुसऱ्या खोलीत कुलपात राहावे. नेम धरायचा तो भक्कम भिंतीवर, खिडकीकडे नाही, दाराकडे नाही. सुरू करण्याआधी चेंबर तिने स्वतः बघावे आणि घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही दाखवावे. सराव संपला की रायफल लगेच पेटीत जावी. आणि मधेच फोन वाजला, कुणी हाक मारली, तर परत आल्यावर चेंबर पुन्हा पहिल्यापासून तपासावे.