भाताचे खाचर आणि जड धातू



कोलाड परिसरातील कातकरी व ठाकूर कुटुंबांचे मुख्य अन्न भात. कोलाड आणि रोहा यांच्या दरम्यान कुंडलिकेकाठी धाटावची औद्योगिक वसाहत आहे. त्यामुळे मातीतले जड धातू दाण्यात उतरतात का, हा प्रश्न येथे मनात येणे साहजिक आहे.

मातीत धातू किती आहे, एवढ्यावरच हे ठरत नाही. मातीची अवस्थाही पाहावी लागते. कॅडमियमचे उदाहरण घ्या. खाचरात पाणी साचले की मातीत हवा पोचत नाही, कॅडमियम गंधकाशी बांधला जातो आणि मुळांना फारसा मिळत नाही. दाणा भरताना जमीन वाळली, तर तो पुन्हा मोकळा होतो. आम्ल जमिनीत तो आणखी सहज सुटतो. आणि कोकणातल्या मुसळधार पावसाने चुना धुपून अनेक जमिनी आम्ल झाल्या आहेत.

आर्सेनिकचे नेमके उलट. साचलेल्या पाण्यात तो लोहाच्या संयुगांपासून सुटतो आणि सिलिका शोषण्याच्या वाटेनेच रोपात शिरतो. शिसे मात्र बहुतांशी मुळांतच अडकते. म्हणून धातू कोणता हे कळल्याशिवाय ‘पाणी ठेवा’ किंवा ‘पाणी काढा’ असा सल्ला देता येत नाही.

जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीतला कॅडमियम भातात उतरला. हाडे ठिसूळ करणाऱ्या त्या आजाराला लोक ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ म्हणत. १९६८ मध्ये तेथील सरकारने हे कारण मान्य केले. रुग्णांत बहुतेक स्त्रिया होत्या. शरीरात लोह कमी असले की कॅडमियम जास्त शोषला जातो. आपल्या पाड्यांवरील पंडुरोगी मातांसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. नाचणी, डाळी, पालेभाज्या यांचा आहार म्हणूनच मोलाचा.

मृदा आरोग्य पत्रिकेत मातीचा सामू, म्हणजे आम्लता, कळते. कॅडमियम व आर्सेनिक कळत नाहीत. त्यांची तपासणी प्रयोगशाळेत वेगळी करावी लागते. जमीन आम्ल आणि कॅडमियम जास्त आढळल्यास चुना, शेणखत आणि फुलोऱ्यापासून खाचरात टिकवलेले पाणी उपयोगी पडते. आर्सेनिक असल्यास खाचर मधूनमधून वाळू द्यावे.

एखाद्या कुटुंबाला खताची गोणी देण्याआधी त्याच्या मातीची तपासणी करून द्यावी. पुढची मदत योग्य जागी पडेल.