‘ए’ इकडचा, ‘ए’ तिकडचा

मी पडलो बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विजेच्या मानकांवर हा काय बोलणार, असे कुणी म्हटले तर रागावणार नाही. पण आमच्या कळसाडीसारख्या गावातली मुलेही आता आखातातल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत वायरमनची कामे करतात. माझा भाचा त्यांतलाच. तो म्हणतो, “मामू, तिथं दिव्याच्या डब्यावरचं अक्षर उलटं वाचलं तर जीव जातो.” अक्षरांशी माझाही संबंध असल्याने मी कान टवकारले.

जिथे हवेत पेटणारा वायू, वाफ किंवा धूळ असते, तिथे एक ठिणगी पुरते. १९१३ साली वेल्समधल्या सेंगहेनिथ कोळसाखाणीच्या स्फोटात ४३९ खाणकामगार गेले. संशय होता तो इशारा देणाऱ्या विजेच्या घंटेवर. त्या दुर्घटनेनंतर अशा जागी वापरायच्या विजेच्या उपकरणांचा नेटाने अभ्यास सुरू झाला.

फ्लेमप्रूफ दिवा म्हणजे वायू आत येऊच न देणारा डबा, असे आपल्याला वाटते. तसे नाही. वायू आत शिरतो, पेटतोसुद्धा. पण जाड डबा तो दणका सोसतो आणि झाकणाच्या अरुंद फटीतून बाहेर पडता पडता ज्वाला निवते. ही फट किती अरुंद हवी, ते वायूवर ठरते. प्रयोगशाळेतल्या चाचणीत प्रोपेनची ज्वाला सुमारे ०.९ मिलिमीटरच्या फटीत अडते; हायड्रोजनला ती ०.३ मिलिमीटरच्याही आत लागते.

म्हणून वायूंचे गट पाडले, आणि घोटाळा इथेच आहे. अमेरिकेत ‘ए’ गटात ॲसिटिलीन, ‘बी’त हायड्रोजन, ‘सी’त इथिलीन, ‘डी’त प्रोपेन, म्हणजे ‘ए’ सर्वांत जहाल. युरोपने आणि भारताने स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत प्रोपेन ‘टू-ए’, इथिलीन ‘टू-बी’, तर हायड्रोजन आणि ॲसिटिलीन दोन्ही ‘टू-सी’. इथे ‘ए’ सर्वांत सौम्य! ‘टू-ए’चा डबा अमेरिकी सवयीने वाचून कुणी हायड्रोजनच्या नळीशेजारी बसवला, तर त्याची फट म्हणजे आगीला उघडे दारच.

जागेचेही तसेच. आंतरराष्ट्रीय पद्धतीत शून्य, एक, दोन असे तीन झोन. अमेरिकेत दोनच डिव्हिजन. तिथल्या पहिल्या डिव्हिजनमध्ये शून्य आणि एक, दोन्ही झोन येतात. त्यामुळे झोन एकसाठीचे उपकरण तिथे आपोआप चालत नाही. १९९६पासून अमेरिकी संहितेत झोनही आले, पण जुनी रीत सुटलेली नाही.

आपल्या खानदेशाशी संबंध दाखवणारी एक गंमत सांगतो. कापसाच्या उडत्या तंतूंना अमेरिकेने स्वतंत्र तिसरा वर्ग दिला आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ते धुळीच्याच घरात राहतात. आणि धुळीला कमी लेखू नका. २००८ साली अमेरिकेत जॉर्जियातल्या कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ माणसे दगावली. साखर कारखान्यांच्या मुलखात हे माहीत असलेले बरे.

भारतात पेट्रोलियमच्या ठिकाणी असे उपकरण बसवायचे तर नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ची, म्हणजे पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेची मान्यता लागते. खाणींसाठी धनबादचे खाण सुरक्षा महासंचालनालय आहे. परदेशी प्रमाणपत्र कितीही नामांकित असो, नुसते ते दाखवून भागत नाही. नागपूरचा कागद लागतोच.