बदलाचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

रुग्णालयात सुधारणा झाली असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर नवी इमारत, नवे यंत्र किंवा नवे डॉक्टर उभे राहतात. परंतु कोणताही बदल रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतो तो परिचारिकेच्या हातून. मानसशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून संघटनांतील बदलाविषयी मी पुस्तकात वाचले होते. त्याचा अर्थ मला कळला तो मात्र वडिलांच्या खाटेशेजारी बसून.

गेल्या पावसाळ्यात न्यूमोनिया झाल्यामुळे वडील नवी मुंबईतील एका रुग्णालयात होते. रात्री दहाला द्यायचे इंजेक्शन अकरा वाजून गेले तरी दिले गेले नव्हते. मी तावातावाने सिस्टरांच्या टेबलापाशी गेले. बत्तीस रुग्णांना दोन सिस्टर! एक धाप लागलेल्या आजोबांना प्राणवायू लावीत होती; दुसरी रजिस्टरमधील नोंदी पाहून कॉम्प्युटरवर उतरवीत होती. माझे शब्द ऐकताच ती उठली, इंजेक्शन दिले आणि शांतपणे म्हणाली, “नोंदी कॉम्प्युटरवर करा असा आदेश आला, पण रजिस्टर बंद करा असं कोणी सांगितलं नाही. म्हणून सगळं दोनदा लिहितो. बदलाला आमची ना नाही हो ताई. पण आमचं काम कसं चालतं ते आधी कोणी विचारलंच नाही.”

माझा राग ओसरला. प्रश्न मात्र मनात राहिला.

कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने 1947 साली या प्रश्नाचे मार्मिक विवेचन केले आहे. त्याच्या मते कोणत्याही संस्थेतील कामाची रीत दोन प्रकारच्या बलांच्या तोलावर टिकून असते. काही बले तिला पुढे ढकलतात, काही मागे ओढतात. बदल घडवायचा म्हणून वरून नुसता जोर वाढवला, तर कामाची रीत थोडी सरकते, पण ताणही वाढतो. त्यापेक्षा मागे ओढणारी बले दूर करणे अधिक हिताचे. आमच्या वॉर्डात आदेश हा पुढचा जोर होता आणि दुसरे रजिस्टर हा मागचा ओढा. व्यवस्थापनाने जोर लावला. ओढा तसाच ठेवला. त्याची किंमत दोन सिस्टरांनी आणि एका रुग्णाने मोजली.

हा ओढा नेहमी कागदाचाच असतो असे नाही; कधी तो अधिकाराचाही असतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 2001 साली डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या अवघ्या पाच गोष्टींची यादी केली. हात धुणे, निर्जंतुक आच्छादन वापरणे अशा त्या साध्या गोष्टी. डॉक्टरांना त्या ठाऊक होत्याच, तरीही एखादी सुटून जाई. तेव्हा व्यवस्थापनाने परिचारिकांना अधिकार दिला, की डॉक्टरांनी पायरी गाळली तर त्यांना तिथेच थांबवावे. दहा दिवसांच्या आत होणाऱ्या जंतुसंसर्गाचे प्रमाण 11 टक्क्यांवरून शून्यावर आले. यादी कागदावरच होती. तिच्यात प्राण आला तो परिचारिकेच्या शब्दाला वजन मिळाले म्हणून.

ही हकीकत जगभर पोहोचवणारे शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे यांचे घराणे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्याचे. त्यांच्या आजीच्या नावाचे महाविद्यालय आजही उमरखेडला आहे. त्यांच्याच पुढाकाराने उत्तर प्रदेशातील 120 आरोग्यकेंद्रांत एक मोठा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. निम्म्या केंद्रांत प्रसूतीच्या वेळी पाळायच्या गोष्टींची यादी देऊन परिचारिकांना काही महिने मार्गदर्शन करण्यात आले. दोन महिन्यांनी पाहिले, तर तेथे 73 टक्के गोष्टी पाळल्या जात होत्या. इतर केंद्रांत 42 टक्के. मार्गदर्शक निघून गेल्यावर, वर्षाअखेरीस हे प्रमाण 62 टक्क्यांवर उतरले. माता व बालकांच्या मृत्यूंत तर म्हणण्यासारखा फरक पडलाच नाही. यावरून एवढे ध्यानी येते, की नुसत्या यादीने आणि शिकवणीने भागत नाही. पाठीशी सतत कोणी उभे राहणे, औषधे व साधने हाताशी असणे आणि गरज पडल्यास रुग्णाला वेळेवर पुढे पाठवण्याची सोय असणे हेही लागते.

आपली नवी मुंबई हीच मुळी नियोजनातून जन्मलेली नगरी. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या गावांच्या जमिनीवर आखीव नगरे उभी राहिली. आज वाशी, नेरूळ, ऐरोली येथे महानगरपालिकेची रुग्णालये आहेत. नेरूळ व कामोठे येथे वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये आहेत. 2020 च्या कोरोनाकाळात वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात पाहता पाहता रुग्णांसाठी खाटा मांडल्या गेल्या. खाटा अशा झटपट मांडता येतात. परिचारिका मात्र झटपट घडत नाही. तिच्या पदविकेला तीन वर्षे आणि पदवीला चार वर्षे लागतात, आणि अनुभव त्यानंतर येतो. म्हणूनच मे 2022 मध्ये महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांच्या परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा तो केवळ पगाराचा प्रश्न नव्हता. आज आहे आणि उद्या नाही अशा माणसाच्या हातून नवी रीत रुजणार कशी, हा प्रश्नही त्यात होता.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या हातातील दिवा आपल्याला आठवतो. परंतु सैनिक जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक मेले, हे तिने 1858 साली आकडे आणि आकृत्या मांडून सरकारला पटवले, हे आपण विसरतो. परिचारिका हुकूम पाळणारी सेविका नव्हे. रुग्णालय कोठे अडते हे सर्वांत आधी तिला दिसते.

आम्ही कला शाखेचे विद्यार्थी रुग्णांवर उपचार करणार नाही. परंतु आमच्यातील कोणी उद्या कचेरीत बसून आदेश काढील, कोणी नगरसेवक होईल, कोणी व्यवस्थापक होईल. त्यांना माझे एकच सांगणे आहे. रुग्णालयासाठी नवा नियम करण्यापूर्वी एकदा रात्रपाळीच्या वेळी वॉर्डात जाऊन उभे राहा आणि तिथल्या सिस्टरांना विचारा, “हे नवे काम सुरू करायचे, तर जुने कोणते बंद करू?”

वडील बरे होऊन घरी आले. निघताना त्या सिस्टरांची क्षमा मागायला मी टेबलापाशी गेले, तेव्हा त्या मान खाली घालून लिहीत होत्या. समोर रजिस्टर होते, आणि शेजारी कॉम्प्युटर.