सहज मत आणि पारखलेले ज्ञान

सकाळी चहाचा पेला हाती घेतल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत आपण कितीतरी विषयांवर सहज मते देत असतो. "लोखंड हे जात्याच थंड," असे कोणी म्हणतो. "मातीचा गुणच गार, म्हणून माठातले पाणी गार," असे दुसरा सांगतो. "विष उतरवावे ते आमच्या गावच्या मांत्रिकानेच," अशी तिसरा ग्वाही देतो. गावाच्या पारावर, आगगाडीच्या डब्यात, बाजाराच्या गर्दीत अशी मते ऐकू येतात आणि ऐकणारे माना डोलावतात. यात वावगे असे काही नाही. मते नसती, तर माणसामाणसांतील संभाषण फार रुक्ष झाले असते.

परंतु सगळी मते एका जातीची नसतात. आमटी तिखट असावी की गोडसर असावी, हा आवडीचा प्रश्न आहे. त्यात ज्याचे त्याचे मत त्याला लखलाभ. माठातले पाणी गार का होते, हा मात्र आवडीचा प्रश्न नव्हे. त्याचे उत्तर मोठ्या आवाजाने ठरत नाही, वडीलधारेपणाने ठरत नाही आणि बहुमतानेही ठरत नाही. ते निसर्गालाच विचारावे लागते. निसर्गाला प्रश्न विचारण्याच्या पद्धतशीर रीतीलाच आपण विज्ञान म्हणतो. ही रीत केवळ प्रयोगशाळेतील लोकांची नाही. घरातल्या साध्या वस्तूंवरही ती चालते.

प्रथम लोखंडाचेच मत घेऊ. थंडीच्या दिवसांत पहाटे दाराच्या लोखंडी कडीला हात लावला, तर हात झटकन मागे येतो. त्याच दाराच्या लाकडी फळीला लावला, तर तितका गारवा जाणवत नाही. लोखंड लाकडापेक्षा थंड असते, हे मत या अनुभवातून सहज निर्माण होते. पण रात्रभर एकाच हवेत असलेल्या कडीला आणि फळीला उष्णतामापक लावून पाहिला, तर दोहोंचे तापमान सारखेच भरते. मग हाताला फरक का जाणवतो? आपला हात त्या दोहोंपेक्षा उबदार असतो. लोखंड ही उष्णतेची सुवाहक वस्तू असल्यामुळे हातातील उष्णता ते भराभर ओढून घेते; लाकूड ती सावकाश घेते. हाताला कळते ते वस्तूचे तापमान नव्हे, तर हातातून उष्णता किती वेगाने निघून जाते, हे कळते. भर दुपारी उन्हात तापलेली तीच कडी लाकडापेक्षा अधिक पोळते, कारण आता उष्णता तितक्याच वेगाने हातात शिरते. लोखंड जात्याच थंड असते, तर उन्हात ते असे का वागले असते?

या उदाहरणात अनुभव खोटा नव्हता. हाताला गार लागले, हे सत्यच होते. चूक झाली ती अनुभवावरून काढलेल्या अनुमानात. पुष्कळशा सहज मतांची हीच गत असते.

आता माठाकडे वळू. मातीचा गुणच गार, असे म्हणणाऱ्यास एक साधा प्रश्न विचारावा. लोणच्याची चिनी मातीची बरणीसुद्धा मातीचीच असते. तिच्यात पाणी भरून ठेवले, तर ते माठातल्यासारखे गार का होत नाही? माती दोन्हीकडे आहे, गारवा मात्र एकीकडेच आहे. तेव्हा गारव्याचे कारण केवळ माती हे नव्हे. बरणीला झिलई असते, तिच्या अंगातून पाणी झिरपत नाही. माठाच्या अंगाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी बाहेर झिरपते आणि हवेत उडून जाते. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते आणि ती उष्णता माठातील उरलेल्या पाण्यातून घेतली जाते. उन्हाळ्यातील हवेत एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. म्हणजे एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे ५८ ग्रॅम पाण्याचे तापमान १० अंश सेल्सिअसने खाली आणू शकते. बाहेरची उष्णता माठात सतत शिरत असल्यामुळे प्रत्यक्षात इतका लाभ पदरात पडत नाही. तरी थोडेसे पाणी जाऊन पुष्कळ पाणी कसे गार होते, हे या हिशेबावरून ध्यानात येईल.

हे कारण खरे असेल, तर त्यातून आणखी काही गोष्टी निष्पन्न व्हायला हव्यात. हवा कोरडी असेल, तेथे पाणी लवकर उडेल आणि माठ अधिक गार होईल. हवा दमट असेल, तेथे तो कमी गार होईल. प्रत्यक्षात तसेच घडते. वैशाखात नागपूरच्या कोरड्या हवेत माठातील पाणी जसे गार होते, तसे ते मुंबईच्या दमट हवेत होत नाही. आणि भर पावसाळ्यात तर माठाचा प्रताप फारच मंदावतो. जुना माठ हळूहळू कमी गार करू लागतो, कारण पाण्यातील क्षार साचून त्याची छिद्रे बुजत जातात. माती तीच, पण गारवा ओसरलेला. 'मातीचा गुण' या मताला यांतील एकाही गोष्टीचा उलगडा करता येत नाही.

येथे एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. माठाभोवती ओले फडके गुंडाळणाऱ्या आणि तो वाऱ्याच्या झोतात ठेवणाऱ्या आपल्या आजीने बाष्पीभवनाचा धडा शाळेत वाचला नसेल. पण तिची कृती अचूक होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाने ती घासूनपुसून तयार झालेली होती. म्हणून लोकांच्या सहज मतांचा उपहास करणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे. कित्येकदा कृती बरोबर असते आणि सांगितलेले कारण तेवढे चुकीचे असते. कधी मात्र कारणही चुकीचे असते आणि कृतीही. माठाच्या बाबतीत चुकीच्या मताने कोणाचे काही बिघडत नाही. पाणी गारच मिळते. परंतु जेथे प्रश्न प्राणांचा असतो, तेथे चुकीच्या मताची किंमत फार मोठी द्यावी लागते.

सर्पदंशाचे उदाहरण घ्या. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडलेला आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार! यांतील बहुसंख्य लोक खेड्यांतील होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१७ साली सर्पदंशाचा समावेश जगातील उपेक्षित रोगांच्या यादीत केला. या मृत्यूंमागे अनेक कारणे आहेत. पण त्यांतील एक असे की, पहिले मोलाचे तास मांत्रिकाच्या दारात निघून जातात.

मांत्रिकावर लोकांचा विश्वास बसतो तरी कसा? लोक मूर्ख असतात म्हणून नव्हे. त्यांनी बरे झालेले रुग्ण डोळ्यांनी पाहिलेले असतात. आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी असतात. धामण, दिवड, तस्कर यांच्या चाव्याने माणूस मरत नाही. कवड्या साप तर दिसायला मण्यारसारखा. पण त्याच्या दंशापासून धोका नाही. शिवाय विषारी साप चावला, तरी प्रत्येक वेळी तो विष अंगात सोडतोच असे नाही. समजा, १०० दंशित माणसे मांत्रिकाकडे गेली आणि त्यांपैकी ८० जणांच्या अंगात मुळी विषच भिनलेले नव्हते. ती ८० माणसे मंत्राने वाचतील, मंत्रावाचूनही वाचतील. वाचलेला मनुष्य गावोगाव मांत्रिकाची कीर्ती सांगत हिंडतो. जो दगावला, तो काही सांगायला येत नाही. त्याच्याविषयी लोक म्हणतात, "त्याची वेळच भरली होती." अशा रीतीने यश मांत्रिकाच्या खाती जमा होते आणि अपयश दैवाच्या नावे मांडले जाते. जमाखर्चाची ही पद्धत कोणत्याही दुकानदाराला एका महिन्यात बुडवील. पण सहज मते नेमकी याच पद्धतीवर पोसली जातात.

खरा धोका आपल्याकडे प्रामुख्याने चार सापांपासून असतो: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यांचे विष एकाच प्रकारे काम करीत नाही. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. नाग आणि मण्यार यांच्या विषाने पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि अखेर श्वास थांबतो. मण्यार बहुधा रात्री, झोपलेल्या माणसाला चावते. दंशाच्या जागी ना फारशी सूज, ना वेदना. "दुखत नाही, म्हणजे विष नाही," हे सहज मत येथे घातक ठरते. डॉक्टर मात्र मतावर विसंबत नाहीत. रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन ते २० मिनिटे स्तब्ध ठेवतात आणि मग नळी कलती करून पाहतात. रक्त गोठलेले नसेल, तर विषाने आपले काम सुरू केले आहे, हे त्या नळीतच दिसते. इतकी साधी ही परीक्षा आहे! या चारही सापांच्या विषांवर चालणारी प्रतिविषाची लस घोड्याच्या रक्तापासून तयार करतात. म्हणून दंश झालेल्या माणसाला धीर द्यावा. अंगठी, बांगड्या काढाव्यात. दंश झालेला हात वा पाय हलू देऊ नये. जखम कापू नये, चोखू नये, वर घट्ट दोरी आवळू नये. आणि एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

सहज मताच्या जागी पारखलेले ज्ञान कसे येते, याचे एक उदाहरण आपल्या कोकणातच आहे. तेथील लाल विंचवाच्या दंशाने, विशेषतः मुलांचे, पुष्कळ मृत्यू होत असत. विंचू 'उतरवण्या'ची प्रथाही सर्वत्र होती. १९७० नंतरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर हे महाड तालुक्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करू लागले. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते, हे ध्यानी आल्यावर रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन नावाचे औषध त्यांनी वापरले. त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच घटले. त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. मोठी प्रयोगशाळा त्यांच्याजवळ नव्हती. जवळ होती ती नोंदवही, आणि वाचलेल्यांबरोबर दगावलेल्यांचाही प्रामाणिक हिशेब ठेवण्याची वृत्ती.

पूर्वी एखादे सहज मत पारावरून निघून गावाच्या वेशीपर्यंत पोहोचायला दिवस लागत. आता मोबाइलच्या पडद्यावरून ते क्षणार्धात लाखो लोकांपर्यंत जाते. त्यामुळे ते पारखून घेण्याची जबाबदारी कमी झालेली नाही. उलट वाढली आहे. कोणतेही मत कानी आले की, आपण स्वतःशी थोडे थांबावे. हे कशावरून म्हटले गेले? ज्यांच्या बाबतीत ते खरे ठरले, त्यांच्याबरोबर ज्यांच्या बाबतीत खोटे ठरले, त्यांचीही मोजदाद कोणी केली आहे काय? हीच गोष्ट दुसऱ्या एखाद्या कारणाने घडली असणे शक्य नाही काय? आणि हे मत चुकीचे असेल, तर ते आपल्याला कशावरून कळेल? शेवटच्या प्रश्नाला ज्या मताजवळ उत्तरच नसते, त्याच्यापासून विशेष सावध राहावे.

मत असणे हा दोष नाही. शास्त्रज्ञही आरंभी मतच मांडतो. त्याला तो 'गृहीतक' म्हणतो, एवढेच. भेद पुढे पडतो. सामान्य माणूस आपल्या मतासाठी पुरावे गोळा करतो. शास्त्रज्ञ आपल्या मताविरुद्ध पुरावा शोधू लागतो, आणि तो सापडला की मत सोडून देतो. ही सवय अंगी बाणण्यास पदवी लागत नाही. घरातील माठ, दाराची कडी आणि एक कोरी वही एवढे साहित्य तिच्या प्रारंभाला पुरेसे आहे.