इंजिन उघडायचं की बदलायचं?

पावसात भुयारी मार्गात गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो.

हेड गॅस्केट गेलं असेल किंवा हेड थोडं वाकलं असेल, तर दुरुस्तीच करा. हेडला फेसिंग मारून घेता येतं. रिंगा झिजल्या असतील तर ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन बसतात, पण त्या इंजिनसाठी ते मिळतात का, हे आधी विचारा. १९९८ साली पिंपरीच्या टेल्कोनं (आताच्या टाटा मोटर्सनं) आणलेल्या इंडिकाच्या डिझेल इंजिनाचं काम गावोगावचे मिस्त्री करत. २०१५ पासून काही वर्षं फोक्सवॅगननं चाकणमध्ये जोडलेलं १.५ टीडीआय वेगळं: टर्बो, कॉमन रेल, महागडे इंजेक्टर. तिथे स्वस्त मजुरीपेक्षा मोजमापाला किंमत द्या.

रॉडनं ब्लॉक फोडला असेल तर माझं मत सरळ आहे: इंजिन बदला. जुनं घेणार असाल तर कॉम्प्रेशन तपासा, ऑइल फिलरचं झाकण उघडून आत दुधी चिकटा आहे का बघा, बिल घ्या. इंजिन नंबर बदलला की आरसीवर आरटीओकडून नोंद हवीच, गाडी एमएच १४ असो वा कुठलीही. भंगारातलं बिनकागदी इंजिन फुकट मिळालं तरी नको.

विमा? साध्या पॉलिसीत पाण्यानं झालेलं इंजिनाचं नुकसान बहुधा धरत नाहीत. ‘इंजिन प्रोटेक्ट’ घेतलंय का, आजच बघा.