चोरलं आणि चोर

मंडळी, शाळेत आपण सगळ्यांनी शब्दांच्या आठ जाती पाठ केल्या. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद... मार्क मिळाले, पुस्तक मिटलं. पण आपण जगाकडे कसं पाहतो, ते या जातींत दडलेलं आहे बरं का! आज दोनच घेऊ : नाम आणि क्रियापद.

यास्काचार्यांनी ‘निरुक्त’ ग्रंथात पदांच्या चार जाती सांगितल्या : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. आख्यात म्हणजे आपलं क्रियापद. नामात सत्त्व प्रधान, म्हणजे वस्तू ठरलेली, उभी राहिलेली. आख्यातात भाव प्रधान, म्हणजे घडणं. या घडण्याच्या सहा अवस्था तिथे वार्ष्यायणींच्या नावाने दिल्या आहेत : जन्मणं, असणं, बदलणं, वाढणं, झिजणं, नाहीसं होणं. लक्षात आलं का? ‘असणं’सुद्धा घडण्यातच मोजलंय!

पुढे वाद येतो. शाकटायन म्हणतात, सगळी नामं क्रियेपासूनच जन्मली. गार्ग्य म्हणतात, सगळी नाही. रस्ता व्यापतो म्हणून घोडा ‘अश्व’, तर मग रस्त्याने जाणारा प्रत्येकजण अश्व का नाही? यास्कांचं उत्तर असं की लोकव्यवहार बघा. क्रिया सारखी असली तरी नाव काहींनाच मिळतं. लाकूड तासणारा प्रत्येकजण काही सुतार होत नाही.

आता हाच न्याय आपल्या घरी आणा. पोरानं एकदा खिशातले पाच रुपये उचलले. ‘चोरलं’ हे क्रियापद. त्याला काळ आहे. काल घडलं, आज नाही. पण बाप म्हणतो, ‘चोर आहेस तू!’ झालं! क्रियापदाचं नाम केलं. नामाला काळ नाही. ‘चोरलं’ मागे पडतं, ‘चोर’ जन्मभर चिकटतो. एका क्रियेवरून अख्खा माणूस ठरवला, हा तर्काचाही दोष आणि प्रेमाचाही.

वाल्याला जगानं ‘लुटारू’ हे नाम दिलं होतं. नारदांनी त्या नामाकडे पाहिलं नाही, क्रिया बदलायला लावली. लुटणारा जपायला बसला. अंगावर वारूळ चढलं, आणि त्या वारुळावरून वाल्मीकी हे नवं नाव मिळालं. आधी क्रिया बदलली, नाव मागून आलं.

तेव्हा मायबापहो, आज घरी गेल्यावर आठवा, आपण कुणाला कोणतं नाम चिकटवून ठेवलंय? आळशी, दारुडा, करंटी... ते काढा. ‘तू चोर आहेस’ असं नका म्हणू. ‘तू चोरलंस, परत ठेव’ असं म्हणा. पहिल्या वाक्यात परतीची वाट नाही, दुसऱ्यात आहे. स्वतःशी बोलतानाही हेच. आणि जिभेला नामच लागत असेल, तर देवाचं घ्या!

रामकृष्णहरी.